खाज थांबते, पण रोग?

घराघरांत औषधांचा एक डबा असतो. पूर्वी तो बिस्किटांचा पत्र्याचा असे, हल्ली आइस्क्रीमचा प्लास्टिकचा असतो. त्यात तापाच्या गोळ्या, तोंडाशी चिकट झालेली खोकल्याची बाटली, अर्धवट गुंडाळलेले बँडेज, आणि तळाशी शेपटीकडून वळकटी करत आणलेली मलमाची एक ट्यूब. ही ट्यूब कोणासाठी आणली होती हे सहसा कुणाला आठवत नाही. पण ती टाकूनही दिली जात नाही. आजीच्या पायाला खाज सुटली, लावा. धाकट्याला डास चावले, लावा. मुलीच्या गालावर पुटकुळी आली, लावा. घामोळे, चिखल्या, कापलेले, खरचटलेले, साऱ्यांवर तीच. आणि गंमत अशी की तिने बहुतेक वेळा बरे वाटते! म्हणून तर ती डब्यात टिकून असते.

आज घरी हा डबा उघडून बघा. ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचायला चष्मा लागेल, कदाचित भिंगही लागेल. त्यात बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादे नाव दिसले, तर ते स्टेरॉइड आहे. शेजारी निओमायसिन, जेंटामायसिन किंवा फ्युसिडिक ॲसिड असेल, तर ते जंतूंना मारणारे प्रतिजैविक. क्लोट्रिमाझोल, मायकोनाझोल असेल, तर ते बुरशीनाशक. काही ट्यूबांत ही तिन्ही प्रकारची मंडळी एकत्र नांदतात. 'काहीही असो, याने जाईल' असा या मिश्रणाचा लौकिक आहे. या लौकिकाविषयीच आज चार शब्द सांगायचे आहेत.

काउंटरच्या आतून

माझे कामणला औषधांचे दुकान आहे. कामण म्हणजे वसई तालुक्याच्या पूर्वेकडचे गाव. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरच्या चिंचोटी नाक्याहून भिवंडीकडे जो रस्ता फुटतो, त्यावर. वसई-दिवा रेल्वेमार्गावर 'कामण रोड' नावाचे स्टेशनही आहे. एका बाजूला तुंगारेश्वरचे डोंगर, पायथ्याला आदिवासी पाडे, मध्ये जुनी गावठाणे, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना कारखाने, गाळे, गोदामे. २०१४ साली जिल्हा बदलला, ठाण्याचे आम्ही पालघरचे झालो. पाऊस मात्र तोच राहिला. जून ते सप्टेंबर दोरीवरचे कपडे धड वाळत नाहीत, आणि उरलेल्या महिन्यांत घाम वाळत नाही.

कातडीच्या बुरशीला, म्हणजे ज्याला आपण नायटा किंवा गजकर्ण म्हणतो त्याला, याहून चांगले माहेर शोधून सापडणार नाही. पत्र्याच्या शेडमध्ये बारा तास उभे राहणारा कामगार, एका खोलीत सात-आठ जण, एकच दोरी, त्यावर सगळ्यांचे पंचे. दिवसभर ओली जीन्स अंगावर. चिखलणीत उभ्या राहणाऱ्या बायकांच्या बोटांच्या बेचक्या कुजलेल्या. पावसाळ्यात माझ्या दुकानात येणाऱ्या दर दहा गिऱ्हाइकांत एखादा तरी खाजेचे औषध मागणारा असतोच.

तो येतो कसा, तेही सांगतो. चिठ्ठी नसते. कुणी रिकामी ट्यूब काउंटरवर ठेवतो, कुणी खोक्याचा फाडलेला तुकडा खिशातून काढतो, हल्ली मोबाइलमधला फोटो दाखवतात. "काका, हीच द्या." दाखव बघू कुठे आहे, म्हटले तर लाजतो, कारण जागा बहुधा जांघेची असते.

अशाच एका गोदामातल्या पोराची हकीकत सांगतो. वय विशी-बाविशीचे. दोन महिन्यांनी एकदा येणारा हा मुलगा पुढे दर आठवड्याला येऊ लागला. पहिल्यांदा जांघेत रुपयाएवढा चट्टा होता म्हणाला. सोबत्याने ट्यूब दिली, चार दिवसांत खाज गेली. पंधरा दिवसांनी परत आली, थोडी मोठी होऊन. पुन्हा ट्यूब, पुन्हा आराम. वर्षभर हा खेळ चालला होता. मी "डॉक्टरची चिठ्ठी आण, तरच देईन" म्हटले की तो दुसरीकडून घेई. शेवटी एका संध्याकाळी दुकान रिकामे असताना त्याने शर्ट वर केला. चट्टे कमरेवरून पोटापर्यंत चढले होते, आणि मांडीच्या आत जांभळट लाल रेघा उमटल्या होत्या, बाळंतिणीच्या पोटावर उमटतात तशा. "काका, हे काय झालं?" त्याने विचारले. खाजेमुळे रात्रभर झोप नाही, मालकाने दोनदा हटकलेले, गावी लग्न ठरत आलेले. त्याच्या चेहऱ्यावर जी भीती होती ती नायट्याची नव्हती. आपल्याला काहीतरी भलताच रोग झाला आहे, या शंकेची होती.

भुंकणारा कुत्रा

झाले होते ते असे. स्टेरॉइड हे विष नव्हे, उलट वैद्यकातल्या मोठ्या शोधांपैकी एक. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींमधून असेच एक द्रव्य आपल्या शरीरात रोज तयार होते. त्या ग्रंथींच्या संप्रेरकांवरील कामासाठी १९५० साली हेंच, केंडल आणि राइखस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९५२ मध्ये अमेरिकेत सल्झबर्गर आणि विटेन यांनी हायड्रोकॉर्टिसोनचे मलम कातडीवर लावून इसब आटोक्यात येते हे दाखवले, आणि त्वचारोगांच्या उपचारांचा नूरच पालटला. पुढे रसायनशास्त्रज्ञांनी त्याची अधिकाधिक जहाल भावंडे तयार केली. क्लोबेटासोल हे त्यातले सर्वांत जहाल गटातले. मूळ हायड्रोकॉर्टिसोनच्या ते कित्येक पटींनी तीव्र आहे.

स्टेरॉइडचे काम दाह शमवण्याचे. कातडी लाल होणे, सुजणे, खाजणे ही शरीराची लढाई असते. घरात चोर शिरला की कुत्रा भुंकतो, तसे. इसबात चोर नसतानाच कुत्रा भुंकत सुटतो. तेव्हा त्याला गप्प करणे हाच उपाय, आणि तिथे स्टेरॉइड देवासारखे धावून येते. पण नायट्यात चोर खरोखरच घरात असतो. तिथे कुत्र्याला झोपेचे औषध दिले तर भुंकणे थांबेल, घरच्यांना वाटेल संकट टळले, आणि चोर निवांतपणे एकेक खोली साफ करत जाईल. स्टेरॉइड लावल्यावर नायट्याचे नेमके हेच होते. खाज आधी थांबते, बुरशी पसरत राहते. नायट्याची ठळक लाल किनारही पुसली जाते. मग तपासणारा डॉक्टरही क्षणभर फसतो. वैद्यकशास्त्रात अशा वेषांतर केलेल्या नायट्याला वेगळे नावच आहे.

यावर कुणी म्हणेल, पण त्याच ट्यूबमध्ये बुरशीनाशकही आहे ना? आहे. पण खाज जाते चार दिवसांत आणि बुरशी मरायला लागतात काही आठवडे. चट्टा दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर औषध पुढे लावायला सांगतात, ते यासाठीच. मिश्रण लावणारा मात्र पाचव्या दिवशी ट्यूब डब्यात टाकतो. अर्धवट मार खाल्लेली बुरशी तगते. कधी कधी औषधाला सरावलेली निघते.

हे केवळ कामणपुरते राहिलेले नाही. गेल्या दहा-पंधरा वर्षांत हट्टी, पुन्हा पुन्हा उलटणाऱ्या नायट्याची साथच देशभर पसरली आहे. २०२० साली जपानमधल्या संशोधकांनी अशा बुरशीला 'ट्रायकोफायटन इंडोटिनी' असे नाव दिले. नावात आपला देश आला, पण अभिमान वाटावा असा नव्हे! तिच्यातल्या बऱ्याच जातवाल्या टर्बिनाफिन या हुकमी औषधाला दाद देत नाहीत. २०२३ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कमधल्या दोन रुग्णांत ती सापडल्याचे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने जाहीर केले. या प्रसारामागे बुरशीनाशकांचा आणि स्टेरॉइड मलमांचा बेसुमार वापर असावा, असे तज्ज्ञ मानतात.

चेहरा उजळतो तेव्हा

जांघेनंतर या ट्यूबचे दुसरे गिऱ्हाईक म्हणजे चेहरा. वांग घालवायला, मुरुमांवर, किंवा नुसते 'ग्लो' यावा म्हणून. जहाल स्टेरॉइडने रक्तवाहिन्या आकसतात, कातडीचा रंग काही काळ फिका पडतो. मैत्रिणी विचारतात, काय लावतेस गं? आणि ट्यूबचे नाव एका घरातून दुसऱ्या घरात जाते. लग्नसराईच्या आधी हे नाव विचारत येणाऱ्या मुली आणि त्यांच्या आया मी दर हिवाळ्यात पाहतो.

काही महिन्यांनी कातडी पातळ होते. गालांवर लाल शिरांची जाळी दिसते, पुटकुळ्यांचे पेव फुटते, हनुवटीवर लव वाढते, उन्हात गेले की चेहरा भाजून निघतो. घाबरून मलम थांबवावे तर दोन-चार दिवसांत चेहरा टोमॅटोसारखा लाल होऊन जळजळू लागतो. मग पुन्हा मलम लावले की शांत. दारूसारखेच हे. देशातल्या १२ ठिकाणच्या त्वचारोगतज्ज्ञांनी मिळून केलेली एक पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण स्टेरॉइड लावत होते. त्यांतल्या दर पाचांपैकी सुमारे तिघांना ते डॉक्टरांव्यतिरिक्त दुसऱ्याच कुणी सुचवले होते.

सारी कातडी सारखी नसते, हेही इथे सांगायला हवे. हातावर लावलेले औषध जेवढे आत शिरते त्याच्या सहापट कपाळावरून, तेरापट जबड्याजवळून आणि पुरुषांच्या जांघेतल्या सर्वांत नाजूक त्वचेतून तर बेचाळीसपट शिरते, असे १९६७ सालच्या एका प्रसिद्ध प्रयोगात दिसले होते. पापण्यांजवळ ते दीर्घकाळ लावले तर डोळ्यांतला दाब वाढण्याचा, मोतीबिंदूचा धोका असतो. तान्ह्या बाळाच्या डायपरखाली लावले तर वर प्लास्टिकचे झाकण बसते आणि औषध आणखी आत जाते. बाळाचे वजन कमी, त्या मानाने कातडीचा पसारा मोठा. म्हणून बाळाच्या ढुंगणावरच्या लालीवर घरातली जुनी ट्यूब लावू नका, हे मी प्रत्येक नव्या आईला सांगतो. आजीबाई रागावल्या तरी सांगतो.

दुसरा जोडीदार

स्टेरॉइडविषयी थोडेफार बोलले तरी जाते, प्रतिजैविकाविषयी कुणी बोलत नाही. 'जंतू मरतील, झाले तर भलेच होईल' असा आपला समज. पण खाजणाऱ्या प्रत्येक जागी जंतू नसतातच. नायटा बुरशीचा, खरूज किड्याची, घामोळे घामाचे, त्यांवर निओमायसिनने काय होणार? उलट निओमायसिनची वावडी अनेकांना असते. गंमत पाहा, ट्यूबमधल्या एका औषधाने कातडीवर पुरळ उठवायचे आणि दुसऱ्याने ते दाबायचे. रोग्याला वाटते जुनेच दुखणे लांबले आहे.

दुसरी गोष्ट मोठी आहे. जंतूंना थोडे थोडे औषध वारंवार दाखवत राहिले की ते निर्ढावतात. मग खरोखर पिकलेल्या गळवाच्या, जखमेच्या वेळी ते औषध चालत नाही. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०२१ मध्ये डॉक्टरांना सांगितले की इसबात थोडाफार जंतुसंसर्ग दिसला, पण रुग्णाला ताप किंवा इतर त्रास नसला, तर सरसकट प्रतिजैविक देऊ नका. जिथे मिश्रण सर्वांत योग्य मानले जात होते, त्या इसबाविषयीसुद्धा आता हा विचार आहे.

कायदा आणि गल्ला

मग ही ट्यूब मिळते कशी? औषधांच्या १९४५ सालच्या नियमांत 'शेड्यूल एच' म्हणून एक यादी आहे. त्यातली औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. पण बाहेरून लावायच्या बऱ्याच औषधांना त्यातून सूट होती. पोटात घेण्याच्या स्टेरॉइडला चिठ्ठी लागे, अंगाला लावायच्या जहाल स्टेरॉइडला नाही! त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने ही फट बुजवण्यासाठी बरीच वर्षे पाठपुरावा केला. अखेर मार्च २०१८ मध्ये १४ स्टेरॉइड मलमे या यादीत आली.

मिश्रणांचीही अशीच कथा. बेळगावच्या केएलई विद्यापीठाचे तेव्हाचे कुलगुरू चंद्रकांत कोकाटे यांच्या समितीने देशातल्या औषधी मिश्रणांची छाननी केली. तिच्या आधारे मार्च २०१६ मध्ये सरकारने ३४४ मिश्रणांवर बंदी घातली. कंपन्या न्यायालयात गेल्या, त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने बंदी उठवली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, पुन्हा तपासणी झाली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणे बंद झाली. त्यात स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक यांची खिचडी असलेली बरीच मलमे होती. पण सारीच मिश्रणे गेली नाहीत, आणि कायदा कागदावर असून भागत नाही. तो काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाने पाळावा लागतो.

आणि तिथे माणसाची कसोटी लागते. या ट्यूबा झपाट्याने खपतात. दहावर एक-दोन फुकट अशा योजना असतात. मी नाही म्हटले की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाते, आणि मग साखर-रक्तदाबाच्या गोळ्यांसाठीही तिकडेच वळते. गिऱ्हाइकाची बाजूही समजून घ्यायला हवी. ट्यूब शंभर रुपयांच्या आत मिळते. तज्ज्ञाकडे जायचे तर वसईला किंवा भिवंडीला, एक दिवसाची मजुरी बुडवून, वर तपासणी फी. 'नुसत्या खाजेसाठी' एवढे कोण करील? पण त्या गोदामातल्या मुलाच्या वर्षभराच्या ट्यूबांचा हिशेब आम्ही दोघांनी बसून केला, तेव्हा तो तज्ज्ञाच्या खर्चाच्या वर गेला होता. तो मुंबईला सरकारी इस्पितळाच्या त्वचारोग विभागात गेला. काही महिने पोटात गोळ्या आणि लावायला साधे बुरशीनाशक, शिवाय खोलीतल्या सोबत्यांनाही औषध. नायटा गेला. मांडीवरच्या रेघा फिकट झाल्या, पण गेल्या नाहीत. त्या बहुधा जन्मभर राहतील.

मग वापरायचेच नाही का?

असे मुळीच नाही. हे वाचून एखाद्या आईने इसबाच्या बाळाचे डॉक्टरांनी दिलेले मलम थांबवले, तर ती दुसऱ्या टोकाची चूक होईल. इसब, सोरायसिस यांत स्टेरॉइड मलम योग्य तीव्रतेचे, योग्य दिवस लावले तर सुरक्षित असते. न लावल्याने मूल रात्र रात्र खाजवत बसते, कातडी फुटते आणि जंतू आत शिरतात. मिश्रणालाही जागा आहे. इसबावर जंतुसंसर्ग झाल्याचे डॉक्टरांनी पाहून ठरवले, तर थोड्या दिवसांसाठी. साधारणपणे एक आठवडा, फार तर दोन. त्यापुढे त्यातल्या प्रतिजैविकाचे काम उरत नाही. क्लोबेटासोलसारखे जहाल औषध तर मोठ्या माणसानेही सलग दोन आठवड्यांहून अधिक आणि आठवड्याला ५० ग्रॅमपेक्षा जास्त लावू नये, असे त्याच्या माहितीपत्रकातच म्हटलेले असते.

किती लावायचे याचे एक सोपे माप १९९१ साली ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी सांगितले. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून एक रेघ काढा. ते झाले सुमारे अर्धा ग्रॅम. मोठ्या माणसाच्या दोन पंजांएवढ्या, बोटांसकट, जागेला ते पुरते. पातळ थर द्यायचा, भिंतीला गिलावा करतात तसा नव्हे. लावल्यावर हात धुवायचे.

डॉक्टरांकडून चिठ्ठी घेताना पाच प्रश्न विचारा. यात स्टेरॉइड आहे का? दिवसातून किती वेळा लावायचे? किती दिवस? कुठे लावायचे नाही? आणि बरे वाटल्यावर बंद कसे करायचे? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. दुकानदारालाही खोक्यावरची लाल रेघ किंवा 'आरएक्स' ही खूण दाखवायला सांगा. ती असेल तर ते मलम मागून घ्यायचे नाही, लिहून घ्यायचे आहे.

नायट्याची शंका असेल तर घरातल्या साऱ्यांना विचारा, कारण एकाचा बरा करून उपयोग नसतो. पंचे, अंतर्वस्त्रे वेगळी ठेवा, गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवा. पावसाळ्यात ऊन नसेल तर इस्त्री फिरवा. अंघोळीनंतर जांघा आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. घट्ट जीन्सऐवजी सुती, सैल कपडे घाला.

आणि ज्यांनी अशी ट्यूब चेहऱ्याला किंवा अंगाला महिनोन्‌महिने लावली आहे, त्यांनी हा लेख वाचून ती आजच्या आज कचऱ्यात फेकू नये. फार दिवस, फार मोठ्या भागावर लावलेले जहाल स्टेरॉइड एकदम तोडले तर त्रास होऊ शकतो. ट्यूब घेऊनच त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. मुंबईच्या केईएम, नायर, शीव, जे. जे. या सार्वजनिक रुग्णालयांत त्वचारोगाचे विभाग आहेत. काय लावले, किती दिवस लावले, हे न लाजता सांगा. लपवले तर निदान चुकते.

डब्यातल्या बाकीच्या, कुणाच्या ते न आठवणाऱ्या ट्यूबा मात्र आज संध्याकाळी बाहेर काढा. मुदत संपलेल्या, नाव पुसलेल्या, शेजारणीने दिलेल्या, सगळ्या. टाकताना आधी पिळून रिकाम्या करा, म्हणजे कुणी उचलून पुन्हा लावणार नाही. राहिलेल्या ट्यूबांवर पेनाने नाव, आजार आणि उघडल्याची तारीख लिहा. पुढच्या वेळी कुणाला खाज सुटली, तर डब्याकडे जाण्याआधी निदान एवढे तरी विचारले जाईल की ही ट्यूब होती कुणाची, आणि कशासाठी?